वरून येणारे ज्ञान समजूत होण्याजोगे असते : आमच्या मंडळीच्या पंचांना खुले पत्र

प्रति,
माननीय पाळकसाहेब आणि पास्टोरेट कमिटीचे सर्व पंच,
रत्नागिरी किनाऱ्यावरील आमची मंडळी.

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात आपणां सर्वांना सलाम.

यंदाच्या जून महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या उपासनेत, सूचनांच्या वेळी आपल्या चिटणीसांनी कमिटीचा एक ठराव वाचून दाखवला. त्या ठरावाने गरीब फंडातून नऊ विधवा भगिनींना दरमहा मिळणारी ६०० रुपयांची मदत आणि पावसाळ्याच्या तोंडावर दिले जाणारे तांदूळ बंद झाले, फंडातील शिल्लक मंदिराच्या नव्या दर्शनी पोर्चच्या कामाकडे वळवली गेली, आणि ज्यांची सभासद वर्गणी दोन वर्षांहून अधिक थकली आहे त्यांचा वार्षिक सभेतील मताचा अधिकार काढून घेतला गेला. पाठोपाठ थकबाकीदारांची नावे वाचली गेली. त्या बारा नावांपैकी पाच नावे त्याच नऊ भगिनींमधली होती. ठरावाच्या शेवटी असे म्हटले होते की, हा निर्णय कमिटीने भावनेच्या आहारी न जाता शहाणपणाने घेतला आहे, तो अंतिम आहे आणि त्यावर चर्चा होणार नाही. हाच मजकूर दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लागला आणि तो अजून तिथे आहे.

या ठरावाबद्दल मी आपल्याला दोन पत्रे दिली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. ज्या गोष्टीने नऊ घरांची चूल अडली आहे तिच्याबद्दल वार्षिक सभेपर्यंत गप्प बसणे माझ्या विवेकाला मान्य होत नाही, म्हणून हे तिसरे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. आपला अपमान करण्याचा माझा हेतू नाही. आपण बिनपगारी आणि बहुधा बिनआभाराची सेवा करता, हे मी स्वतः सहा वर्षे त्या टेबलाशी बसल्यामुळे जाणते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने मंदिराची अर्धी कौले नेली, तेव्हा आपले खजिनदार भर पावसात ताडपत्री धरून छपरावर उभे होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. ज्यांच्याबद्दल मनात आदर आहे त्यांनाच मी हे लिहीत आहे.

माझा या फंडाशी संबंध काय, ते आधी सांगते. माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. १९६९ च्या पावसाळ्यात ते तापाने गेले, तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि माझ्या पाठीवर दोन भावंडे होती. त्या वर्षी जूनमध्ये तांदळाचे पोते कोणी आणून ठेवले हे आईने आम्हांला कधी सांगितले नाही. मी कमिटीवर आले तेव्हा कपाटातील जुनी कागदपत्रे लावताना मला गरीब फंडाची पहिली वही सापडली. तिचा कापडी पुठ्ठा कसरीने खाल्ला होता आणि शाई तपकिरी झाली होती. एका पानावर माझ्या आईचे नाव होते, पुढे ‘तांदूळ ५ पायली’ एवढेच लिहिलेले होते आणि त्याखाली आईची सही होती. तिला लिहिता येत होते ते सहीपुरतेच, आणि ती सही वाकडी होती. त्याच वहीत जमेच्या बाजूला हंगामाच्या सणाच्या लिलावाचे आकडे होते : नारळ, दुधी, कोंबडा, लाल भोपळा, वरीचे शेरभर दाणे. हा फंड कोणा एका दात्याने दिलेला नाही. आपल्याच परसातले पहिले फळ लोकांनी वेदीपाशी आणून ठेवले, दुसऱ्यांनी ते लिलावात चढ्या भावाने घेतले आणि त्या पैशातून हा फंड उभा राहिला. ज्या वर्षी आईला तांदूळ मिळाले त्याच वर्षीच्या सणाला तिने दोन शहाळी दिल्याची नोंद जमेच्या बाजूला आहे. घेणारी आणि देणारी बाई एकच होती.

आता आपण वापरलेल्या शब्दाकडे येते. आपण म्हणता, निर्णय शहाणपणाचा आहे. व्यवहारात शहाणपण म्हणजे शिल्लक राखणे, थकबाकी वसूल करणे, इमारत नीट ठेवणे, आणि या अर्थाने आपण शहाणे आहात याबद्दल माझी शंका नाही. पण आपण पंच आहात, पतपेढीचे संचालक नव्हे, आणि मंडळीच्या शहाणपणाची कसोटी आपल्याला हातात दिलेली आहे. बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ती आहे : ‘वरून येणारे ज्ञान हे मुळात शुद्ध असते, शिवाय ते शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगे, दया व सत्फले ह्यांनी पूर्ण, अपक्षपाती, निर्दंभ असे आहे.’ आपल्यापैकी बहुतेकांना हे वचन तोंडपाठ आहे, कारण शब्बाथ शाळेत आपल्यातील किमान चौघांकडून मीच ते पाठ करून घेतले. आज तेच वचन आपल्या ठरावाशेजारी ठेवून, एकेक शब्दाशी थांबून वाचावे अशी विनंती करते.

या सगळ्या गुणांत मला सर्वांत जास्त काळ थांबवणारा गुण म्हणजे ‘समजूत होण्याजोगे’. तो ओळीच्या मधोमध असल्याने पाठ म्हणताना निसटून जातो. शुद्धतेवर प्रवचने होतात, दयेवर होतात, शांतीवर तर प्रत्येक नाताळात होतात. पण वरून आलेल्या ज्ञानाचे एक लक्षण असे आहे की त्याच्याशी बोलता येते, त्याला कोणी समजावून सांगितले तर ते ऐकते आणि पटले तर वळते, हे मी या मंदिरात क्वचितच ऐकले. ज्या निर्णयाच्या शेवटी ‘चर्चा होणार नाही’ असे लिहावे लागते, त्या निर्णयाने या लक्षणाचे दार स्वतःच्या हाताने लावून घेतलेले असते.

आणि हे लिहिणाऱ्या याकोबाने स्वतः सभा कशी चालवली ते प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आहे. परंपरेने हे पत्र ज्याचे मानले जाते तो प्रभूचा भाऊ याकोब यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी होता. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर सुंतेचे आणि नियमशास्त्राचे ओझे घालावे की नाही, असा मंडळी फोडणारा प्रश्न समोर होता. तिथे बराच वादविवाद झाला हे ते पुस्तक लिहिणारा लूक लपवून ठेवत नाही. मग पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, लोक गप्प राहून ऐकत होते, आणि ते सर्व बोलून झाल्यावर याकोब उठला. त्याचा निर्णय ओझे हलके करणारा होता. पुढे गलतीकरांना लिहिताना पौल सांगतो की, याकोब, केफा (म्हणजे पेत्र) आणि योहान यांनी त्याला उजवा हात देऊन निरोप दिला तेव्हा एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे गरिबांची आठवण ठेवावी. ज्याच्या पत्रातून आपण ज्ञानाची लक्षणे शिकतो तो मनुष्य आधी ऐकत होता आणि मग बोलत होता, आणि बोलला तेव्हा गरिबांना विसरला नाही. आपल्या सभेत नऊपैकी एकाही भगिनीला बोलावले गेले नव्हते, हे इतिवृत्तावरूनच दिसते.

समजूत होणे म्हणजे काय हे मी या मंडळीतच एकदा जवळून पाहिले आहे आणि ते लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते. कित्येक वर्षे मंदिरात पाय न टाकलेला, दारूपायी घर घालवलेला एक मनुष्य भर श्रावणात वारला. त्याची बहीण आपल्या दफनभूमीत जागा मागायला आली, तेव्हा पंचांनी नाही म्हटले. नियम स्पष्ट होता, आणि नाही म्हणणाऱ्यांत आमचे सर्वांत वडील पंच होते, ज्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. ती बाई पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास मी शाळेला निघाले, तेव्हा पाऊस कोसळत होता आणि दफनभूमीच्या कोपऱ्यात एक मनुष्य इरले घेऊन पावड्याने माती ओढताना दिसला. जवळ गेले तर ते वडील पंच. आपल्याकडची जमीन आपल्याला माहीत आहे. वर हातभर माती आणि खाली जांभा. त्यांच्या हाताला फोड आले होते. मला पाहून ते म्हणाले, “बाय, काल रात्री मला झोप लागली नाही. आमचं चुकलं. जा, तिला सांग, दहा वाजता आणा म्हणावं.” त्या रविवारी त्यांनी सर्वांसमोर उभे राहून तेच वाक्य म्हटले की आमचे चुकले, आणि खाली बसले. त्यांचा मान त्यामुळे कमी झाला नाही. मला ज्ञानी पंच म्हटले की आजही तो भिजलेला मनुष्य आठवतो.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य तक्रार अशी आहे की, आपण निर्णय चुकीचा घेतलात एवढेच नव्हे, तो परत विचारात घेण्याची वाट आपण बंद केलीत. चूक सगळ्यांकडून होते. तिला अंतिम म्हणून शिक्का मारण्याचा अधिकार मात्र कोणाही पंचाला नाही.

दुसरी तक्रार नावे वाचण्याबद्दल आहे. त्या रविवारी मी उजव्या बाजूच्या शेवटून दुसऱ्या बाकावर होते. माझ्या शेजारी बसलेल्या मावशी सत्तरीच्या आहेत. त्यांची बोटे काजूच्या चिकाने कायमची काळी पडली आहेत, आणि उपासनेला येताना त्या हात पदराखाली ठेवतात. त्यांचे नाव सातवे होते. नाव ऐकल्यावर त्यांनी गीतपुस्तक मिटले, ते कापडात गुंडाळून पिशवीत ठेवले, चप्पल हातात घेतली आणि भाकर वाटली जाण्याआधी त्या बाजूच्या दाराने निघून गेल्या. दोन वर्षांच्या ४८० रुपयांसाठी एक बाई प्रभूच्या मेजावरून उठून गेली. आपण तिला जाऊ नका म्हटले नाही, मीही म्हटले नाही, आणि माझा हा दोष मी इथे कबूल करते. याकोब सांगतो की, देवपित्याच्या दृष्टीने शुद्ध व निर्मळ धर्माचरण म्हणजे अनाथ व विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणे. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘समाचार घेणे’ याचा अर्थ आता खडसावणे असा झाला आहे. शास्त्रातला अर्थ जुना आहे : घरी जाणे, ओसरीवर बसणे, विचारपूस करणे. थकबाकीची गोष्ट खजिनदारांनी त्या मावशींच्या ओसरीवर बसून काढली असती, तर त्यांना कळले असते की फेब्रुवारीपासून त्यांचा मुलगा आजारी आहे.

‘मुळात शुद्ध’ हा शब्द याकोब सगळ्यांत आधी ठेवतो, आणि त्याचा हिशेबाशीही संबंध आहे. हंगामाच्या सणाच्या लिलावात लोकांनी नारळाला चढी बोली लावली, ती गरीब फंडासाठी लावली. पोर्चसाठी वेगळे आवाहन झाले असते तर मीसुद्धा माझ्या ऐपतीप्रमाणे दिले असते. एका हेतूने अर्पण केलेला पैसा दुसऱ्या हेतूकडे नेणे, तेही देणाऱ्यांना न विचारता, याला अफरातफर म्हणण्याइतकी मी उतावीळ नाही, कारण एक रुपयाही कोणाच्या खिशात गेलेला नाही हे मला माहीत आहे. पण ते शुद्ध नाही. मंदिराचे छप्पर गळते ही अडचण खरी आहे. पोर्च छपरावर नाही, दारापुढे आहे.

पोर्चच्या समर्थनार्थ असे सांगितले गेले की, कोकणातील ख्रिस्ती कार्याला दोनशे वर्षे होऊन गेली, बाहेरून पाहुणे येतात, तेव्हा दर्शनी भाग त्या वारशाला शोभेसा हवा. वारशाचा मलाही अभिमान आहे. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक बाणकोट आणि हर्णैला आले, ते ताप, पाऊस आणि मरण सोसून राहिले, आणि त्यांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या. याच जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरीला, १९१७ मध्ये, मिशनच्या नोकरीतून बाजूला होऊन ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही येऊ दिले. आपल्या पूर्वजांनी दार रुंद केले. त्या दाराच्या पुढे आपण खांब उभे करणार असू, तर त्या दारातून बाहेर गेलेल्या मावशींना आधी आत आणावे लागेल.

‘अपक्षपाती’ या शब्दाशी मी फार वेळ थांबत नाही, कारण आपल्याला तो माझ्यापेक्षा जास्त बोचत असेल. गेल्या वर्षी संगमरवरी पाटीवर दात्यांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरली गेली आणि पहिले दोन बाक त्यांच्या कुटुंबांसाठी राखले गेले. सोन्याची अंगठी घातलेल्याला ‘येथे चांगल्या जागी बसा’ म्हणणाऱ्या आणि गरिबाला उभे ठेवणाऱ्या मंडळीविषयी याकोबाने दुसऱ्या अध्यायात जे लिहिले आहे ते आपण येत्या रविवारी वाचनासाठी घ्यावे. एका भिंतीवर देणाऱ्यांची नावे आणि व्यासपीठावरून न देऊ शकणाऱ्यांची नावे, हे दोन्ही एकाच मंदिरात घडले आहे.

तिसरी तक्रार बोलण्याच्या पद्धतीबद्दल आहे. ठरावानंतर आमच्यापैकी काहींनी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साधे प्रश्न विचारले. उत्तरादाखल याकोबाचेच ‘तट पाडण्याची बुद्धी’ हे शब्द आमच्याविरुद्ध लिहिले गेले, आणि दोन दिवसांनी तीन जणांना ग्रुपमधून काढण्यात आले, त्यांत मी होते. तो इशारा मी माझ्यासाठी म्हणूनही वाचला आहे. माझ्या मनात मत्सर आहे का, मला कमिटीवर परत यायचे आहे का, हे मी गुडघ्यावर स्वतःला विचारले आहे, आणि पुढील निवडणुकीत मी कोणत्याही पदासाठी उभी राहणार नाही असे इथे लिहून देते. पण शांतीचे नाव घेऊन प्रश्न बंद करणे मला मान्य नाही. वचनाचा क्रम असा आहे की ज्ञान मुळात शुद्ध असते आणि ‘शिवाय’ शांतिप्रिय असते. अशुद्ध राहिलेल्या गोष्टीवर शांततेचे पांघरूण घातले तर खाली ती कुजत राहते. आपल्याकडे भरलेले भात ओले असताना कणगीत घातले तर काय होते, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गप्प बसलेली मंडळी आणि शांत मंडळी यांत फरक असतो, आणि सध्या आपली मंडळी गप्प आहे.

आपली एक बाजू मी टाळू इच्छित नाही. आपण म्हणता, मदत वर्षानुवर्षे त्याच घरांना जाते, त्यामुळे माणसे पांगळी होतात, आणि सरकारी निराधार योजना आहेतच. यातला पहिला मुद्दा विचार करण्याजोगा आहे. यादी दरवर्षी तपासली पाहिजे हे मला मान्य आहे, आणि दोन घरांत मुले आता कमावती झाली आहेत हेही मी जाणते. पण आपण यादी तपासली नाही, फाडली. आणि महिना कोणता निवडला ते पाहा. आंबा-काजूचा हंगाम मे अखेरीस संपतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो, म्हणजे बंदरावर मासळी निवडण्याचे आणि सुकवण्याचे कामही नसते. शेतमजुरी मिळते ती लावणीचे पंधरा-वीस दिवस, आणि सत्तरीच्या बाईला कोणी चिखलात बोलावत नाही. सरकारी रक्कम बँकेत कधी जमा होईल याचा नेम नसतो. नारळी पौर्णिमेपर्यंतचे हे दोन-अडीच महिने ओलांडता यावेत म्हणूनच जुन्या पंचांनी जूनचे तांदूळ ठरवले होते. त्यांना कोणी ज्ञानी म्हटले नसेल, पण त्यांना घरातले डबे कधी रिकामे होतात ते ठाऊक होते. ‘दया व सत्फले ह्यांनी पूर्ण’ याचा मला कळलेला अर्थ असा की दयेला वेळेचे भान असते.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही विधवांचीच तक्रार उठली होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते, अशी कुरकूर झाली. प्रेषितांनी कुरकूर करणाऱ्यांना तट पाडणारे म्हटले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले आणि आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असे सात जण लोकांनाच निवडू दिले, आणि निवडलेल्या साताही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली होती त्यांच्या हाती वाटणी दिली गेली, असे अनेक अभ्यासक यावरून मानतात. तिथे ज्ञान हा शब्द कशासाठी आला ते ध्यानात घ्यावे. तो प्रवचनासाठी आलेला नाही. कोणाच्या ताटात किती पडते हे नीट पाहण्यासाठी माणसे ज्ञानाने पूर्ण हवी होती.

आता माझ्या मागण्या. जूनचा ठराव आपण ताबडतोब स्थगित करावा आणि एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, जिला वर्गणी थकलेल्या सभासदांनाही बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क असावा, कारण निर्णय त्यांच्याबद्दल आहे. सभा होईपर्यंत नऊ भगिनींची मदत पूर्ववत सुरू करावी आणि जूनपासून अडलेली रक्कम व तांदूळ त्यांच्या घरी पोचते करावेत. त्यांना देवळाच्या कार्यालयात रांगेत उभे करू नये. गरीब फंडाचा गेल्या पाच वर्षांचा जमाखर्च सूचनाफलकावर लावावा. यापुढे कोणाचीही थकबाकी उपासनेत वाचली जाणार नाही असा ठराव व्हावा, आणि ज्या बाराजणांची नावे वाचली गेली त्यांच्या घरी पाळकसाहेबांनी व किमान एका पंचाने स्वतः जाऊन झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागावी. फंडाची यादी दरवर्षी तपासण्यासाठी पाच जणांची समिती असावी आणि तिच्यात किमान दोन विधवा भगिनी असाव्यात. पहिले दोन बाक सर्वांसाठी मोकळे करावेत. पाटी काढा असे मी म्हणत नाही, ज्यांनी दिले त्यांनी मनापासून दिले असेल. पण पुढची पाटी लावू नये.

छपरासाठी पैसे लागतील, त्याची जबाबदारी झटकून मी मागण्या करीत नाही. स्त्री-मंडळाच्या सहा जणींशी माझे बोलणे झाले आहे. नोव्हेंबरच्या हंगामाच्या सणाआधी आम्ही घरोघर जाऊन केवळ छपरासाठी वेगळे अर्पण गोळा करू, त्याची पावती देऊ आणि हिशेब खजिनदारांच्या हाती देऊ. माझ्या निवृत्तिवेतनातून पहिले ५,००० रुपये मी त्यात घालते.

आपल्यापैकी कोणाला माझ्या एखाद्या वाक्याने उगाच दुखावले असेल, किंवा माझ्या माहितीत चूक असेल, तर ती मला दाखवावी. मला पटले तर मी ती याच रीतीने, सर्वांसमोर, दुरुस्त करीन. जे मी आपल्याकडे मागते ते मलाही लागू आहे.

गरीब फंडाची ती पहिली वही कमिटी सोडताना वाळवीच्या भीतीने मी पाळकसाहेबांच्या परवानगीने घरी आणली होती. ती मंडळीची आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर मी ती घेऊन मंदिरात थांबेन. काजू फॅक्टरीतल्या मावशींना मी आणायला जाणार आहे. त्या येतील की नाही हे त्यांनी अजून सांगितलेले नाही. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी अर्धा तास थांबावे, म्हणजे आपण ती पाने एकत्र बसून वाचू.

आपली ख्रिस्तभगिनी,
मंडळीची एक सहभागी सभासद व निवृत्त शिक्षिका